ज्याचें त्याचें नाक



आज मी आपल्यापुढें जो विषय मांडणार आहें, तो एका भांडणांतून निघालेला आहे. आणि तें भांडण एका तव्यावरून झालेलें आहे, हें प्रथमच सांगून टाकतों.

नवी मुंबईंत नेरूळ येथें ज्या सहनिवासांत मी राहतों, त्याच्या बैठकीपुढें गेल्या मे महिन्यांत एक ठराव आला. इमारतींत सुकी मासळी भाजण्यास मनाई करावी, असा त्याचा आशय होता. ठराव आणणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही सारे त्यांना काकू म्हणतों. बाई मोठ्या प्रेमळ. कोणाच्या घरीं आजारपण आलें, तर सर्वांआधीं त्यांचा डबा जाऊन पोंचतो. ज्यांच्या स्वयंपाकघराविरुद्ध ठराव होता, त्या वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहतात. कुटुंब आगरी, मूळचें येथलेंच. १९७० सालीं सिडको हें महामंडळ स्थापन झालें आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नवें शहर वसविण्याचें ठरलें, तेव्हां ज्यांच्या भाताच्या खाचरांवरून रस्ते गेले, त्यांपैकीं हें एक घर.

काकू म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही तुमच्या घरीं काय खावें, हें सांगणारी मी कोण? पण दुपारीं ती सुकट तव्यावर पडली, कीं माझ्या पोटांत ढवळूं लागतें. देवघरापर्यंत घाण येते हो.”

वहिनी शांतपणें म्हणाल्या, “काकू, तुमी त्याला घान बोलता. आमची पोरां तोच वास आला का ताटां घेऊन बसतान.”

सभेंत कोणी हंसलें, कोणी खालीं पाहिलें. मी रसायनशास्त्राचा सेवानिवृत्त शिक्षक असल्यामुळें, ‘यांत शास्त्र काय म्हणतें तें तुम्हीच सांगा’ असें ठरून ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. भांडण दोघींचें आणि अभ्यास मला! त्या महिन्याभरांत जें वाचलें व जो विचार केला, तोच आज आपणांस सांगतों. प्रश्न असा, कीं एकाच जिन्यावर, एकाच क्षणीं, एकाच हवेंत उभ्या असलेल्या दोन सुजाण स्त्रियांपैकीं एकीला ज्या वासानें मळमळतें, त्याच वासानें दुसरीच्या तोंडाला पाणी कां सुटावें? दोघींपैकीं चूक कोणाची?

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहूं. ‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’ या शब्दापासून आला आहे. घ्राण म्हणजे केवळ वास, किंवा वास घेण्याचें इंद्रिय. त्यांत बरें-वाईट कांहीं नाहीं. मराठींत येतां येतां तो शब्द वाईट वासाचा झाला, आणि केरकचरा, मळ, अस्वच्छता यांनाहि तोच लागूं लागला. ‘वास’ या शब्दाचीहि तीच वाट चाललेली दिसते. ‘दुधाला वास आला’ असें म्हटलें, म्हणजे तो चांगला वास नव्हे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. याचा परिणाम असा होतो, कीं ‘घाण येते’ असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्याला काय वाटतें एवढेंच सांगून थांबत नाहीं. समोरचें घर अस्वच्छ आहे, असा निवाडाहि त्याच दोन शब्दांत देऊन मोकळे होतों. काकूंच्या मनांत तसें नव्हतें. वहिनींच्या कानांवर मात्र तेंच पडलें.

आतां त्या तव्यावरील वास म्हणजे काय, हें पाहूं. समुद्राचें पाणी खारट. त्या खारट पाण्यानें शरीरांतील पाणी बाहेर ओढून घेऊं नये, म्हणून समुद्रांतील माशांच्या अंगांत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नांवाच्या द्रव्याचा सांठा असतो. त्या द्रव्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यानंतर जंतू त्यांतील ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्रायमिथिलअमाइन मागें उरतें. मासळीचा म्हणून जो खास वास आपण ओळखतों, त्यांत या द्रव्याचा वांटा मोठा. हें द्रव्य अल्कधर्मी आहे. त्याचा आम्लाशीं संयोग झाला, कीं त्याचें न उडणारें लवण बनतें आणि वास बसतो. मासळीला चिंच, कोकम किंवा लिंबू लावण्याची आपल्याकडील गृहिणींची जी रीत आहे, ती अशी शुद्ध रसायनशास्त्राची रीत आहे. फक्त ती प्रयोगशाळेंत न शिकतां आजीजवळ शिकलेली असते.

सुक्या मासळींत पाणी निघून गेलेलें असल्यामुळें वासाचीं द्रव्यें एकवटलेलीं असतात, आणि तव्यावर तीं एकदम हवेंत उसळतात. मग ही मासळी सुकवावयाची तरी कां? तर पावसाळ्यासाठीं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि बंदी नव्हती तेव्हांहि खवळलेल्या दर्यांत होडी घालण्याची सोय नव्हतीच. म्हणून वर्सोवें, उत्तन, वसई या बाजूस बांबूंच्या मांडवांवर बोंबील तोंडांत तोंड अडकवून उन्हांत टांगलेले दिसतात. कोंकणांत पावसाच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात, आणि आगोटीची बेगमी करतांना तांदूळ, मीठ, मसाला यांच्या जोडीनें सुकट, बोंबील, जवळा हीं डब्यांत भरून ठेवणें हें शहाण्या संसाराचें लक्षण मानलें जातें. वहिनींच्या घरीं त्या वासाचा अर्थ ‘पावसांतहि चुलीवर कांहीं तरी आहे’ असा आहे. हा अर्थ काकूंना ठाऊक नव्हता. आणि खरें सांगावयाचें, तर मलाहि नव्हता.

वास नाकांत शिरल्यावर काय होतें? नाकाच्या पोकळींत पार वरच्या बाजूस एक लहानसें पटल आहे, आणि त्यांत वासाचे कण ओळखणारे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक आहेत. हे ग्राहक निर्माण करणाऱ्या जनुकांचा मोठा समूह अमेरिकेंतील लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं शोधून काढला, व त्याबद्दल त्यांना २००४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पेटीच्या पट्ट्यांची कल्पना करा. एकेक वास म्हणजे एक पट्टी नव्हे. कांहीं पट्ट्या एकदम दाबून निघालेला तो सूरमेळ असतो. म्हणूनच पट्ट्या चारशें असल्या, तरी आपण असंख्य वास ओळखूं शकतों. आतां यांतील मुख्य गोष्ट अशी, कीं कोणत्याहि दोन माणसांची पेटी अगदीं सारखी नसते. एकाची एखादी पट्टी मुकी असते, दुसऱ्याची तीच पट्टी कर्कश वाजते. आवडीनिवडीच्या भेदाचें हें पहिलें कारण.

याचीं उदाहरणें मोठीं मौजेचीं आहेत. माणसाच्या घामांत व डुकराच्या मांसांत अँड्रोस्टेनोन नांवाचें एक द्रव्य सांपडतें. तें कित्येकांना मूत्रासारखें उग्र वाटतें, कित्येकांना व्हॅनिलासारखें गोड वाटतें, आणि कित्येकांना त्याचा वासच येत नाहीं. हा भेद बऱ्याच अंशीं एका जनुकांतील फरकामुळें पडतो, असें २००७ सालीं सिद्ध झालें. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, अशी तक्रार करणारी माणसें जगांत आहेत. तेथेंहि वासाच्या एका जनुकाचा कांहीं संबंध असल्याचें २०१२ सालीं दिसून आलें. आणि आपल्या प्रस्तुत विषयाला अगदीं लागू पडणारें संशोधन आइसलंड या मच्छीमारांच्या देशांत झालें व २०२० सालीं प्रसिद्ध झालें. नऊ हजारांहून अधिक लोकांना तेथें निरनिराळे वास देण्यांत आले. ट्रायमिथिलअमाइन ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकांत ज्या थोड्या लोकांच्या बाबतींत विशिष्ट बदल होता, त्यांना मासळीचा वास मंद लागला व त्याची शिसारी कमी वाटली. त्यांतील कांहींनीं तर तो वास बटाट्याचा, साखरेच्या पाकाचा, इतकेंच काय पण गुलाबाचा आहे, असें सांगितलें! अशा माणसाशीं ‘मासळीला घाण येते कीं नाहीं’ असा वाद घालणें म्हणजे रंगांधळ्याशीं तांबड्या-हिरव्यावरून वाद घालण्यासारखें आहे.

परंतु जन्मतः मिळालेलें नाक हें सर्वस्व नव्हे. नाकावर संस्कार होतात, आणि ते जन्माच्याहि आधींपासून होतात. फ्रान्समधील संशोधकांनीं २००० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या बडीशेपेशीं वासानें जवळचें असें अ‍ॅनिस नांवाचें बी आहे. ज्या मातांनीं गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत अ‍ॅनिसयुक्त पदार्थ खाल्ले होते, त्यांचीं नवजात बालकें त्या वासाकडे तोंड वळवीत. इतर मातांचीं बालकें एक तर उदासीन राहत किंवा तोंड वेंगाडीत. म्हणजे आईचें ताट हेंच बाळाचें पहिलें ताट होय. डोहाळे पुरवितांना आपण बाळाच्या जिभेचा विचार करतों. त्याच्या नाकाचाहि पाया तेथेंच घातला जात असतो.

पुढें आयुष्यभर एकेक वास एकेका प्रसंगाशीं बांधला जातो. वासाची वार्ता नाकाकडून मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या केंद्रांकडे जितकी थेट जाते, तितकी दृष्टीची किंवा श्रवणाची जात नाहीं. म्हणूनच फोटो पाहून जें आठवत नाहीं, तें ट्रंकेंतील जुन्या शालीच्या वासानें आठवतें. शेणानें सारवलेल्या ओल्या जमिनीचा वास शहरांतील मुलास नकोसा वाटतो. ज्याचें बालपण खेड्यांतील पडवींत गेलें, त्याचा कंठ त्याच वासानें दाटून येतो. गुडघ्याला चोळावयाच्या मलमांत विंटरग्रीन नांवाच्या वनस्पतीच्या तेलाचा वास असतो. अमेरिकेंत तो वास गोळ्या-पेपरमिंटांत व पेयांत घालतात आणि तेथील लोकांना तो आवडतो. इंग्लंडांतील गेल्या पिढीला मात्र तो औषधाचा वास म्हणून नकोसा वाटे. वास तोच, एकाला तो खाऊबरोबर भेटला, दुसऱ्याला दुखण्याबरोबर.

येथें मी माझाच अनुभव सांगतों. १९९२ सालीं मानखुर्दहून वाशीला आगगाडी सुरू झाली, आणि त्यानंतर लौकरच आम्ही मुंबई सोडून इकडे राहावयास आलों. गाडी खाडीवरच्या पुलावर आली, कीं ओहोटीच्या वेळीं चिखलाचा एक कुजका, अंड्यासारखा वास डब्यांत शिरे. खारफुटीच्या चिखलांत हवा पोंचत नाहीं. तेथील जंतू समुद्राच्या पाण्यांतील गंधकयुक्त क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायु सोडतात, त्याचा तो वास. पहिलें वर्षभर मी पूल आला कीं रुमाल नाकाला लावीत असें. नंतर केव्हां तरी रुमाल खिशांतच राहूं लागला. आज दिवसभराच्या दगदगीनंतर तो वास आला, कीं ‘आलें घर’ असें वाटून मी पिशवी हातांत घेतों. माझें नाक बदललें नाहीं. वासाला चिकटलेला अर्थ बदलला. म्हणजे पिकल्या वयांतहि नाकाला शिकवितां येतें, फक्त त्याला कारण द्यावें लागतें.

तिसरें कारण याहून सूक्ष्म आहे, आणि तें म्हणजे नांव. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. आयसोव्हॅलेरिक आम्ल या द्रव्याला पायमोज्यांसारखा व जुन्या चीजसारखा वास असतो. त्यांत चेडर चीजचा किंचित अर्क मिसळून तो वास कांहीं व्यक्तींना देण्यांत आला. एकदां समोर ‘चेडर चीज’ अशी अक्षरें दाखविलीं, एकदां ‘अंगाचा वास’ अशीं. पहिल्या वेळीं तोच वास त्यांना अधिक सुखद वाटला. आणि त्यांच्या मेंदूच्या ज्या भागांत सुख-दुःखाचा हिशेब होतो, तेथेंहि दोन्ही वेळां निरनिराळी हालचाल दिसली. म्हणजे त्या व्यक्ति केवळ भिडेखातर तसें म्हणत नव्हत्या. त्यांना खरोखरच निराळें वाटत होतें.

आपल्याकडील उदाहरण हवें असल्यास पहिल्या पावसाचें घ्या. मृद्गंधावर लुब्ध न होणारा मराठी माणूस विरळा. त्या वासांत जिओस्मिन नांवाचें द्रव्य प्रमुख असतें. तें मातींतील सूक्ष्म जीव तयार करतात. कनौजचे अत्तरवाले मातीचें अत्तर काढून विकतात, इतका तो वास लोकप्रिय आहे. परंतु हेंच जिओस्मिन नळाच्या पाण्यांत उतरलें, कीं आपण पालिकेकडे तक्रार करतों, आणि तळ्यांतील माशांत उतरलें, कीं ‘याला चिखलाचा वास येतो’ म्हणून तो मासा बाजूला सारतों. द्रव्य एकच, पावसाच्या नांवाखालीं तें कवींचा विषय होतें आणि पाण्याच्या नांवाखालीं आरोग्यखात्याचा.

आणि आतां हळूच काकूंच्या फोडणीकडे वळूं. हिंग! सोंवळ्यांतल्या स्वयंपाकांतहि ज्याला मानाचें पान, तो हा हिंग. त्याच्या शास्त्रीय लॅटिन नांवांत ‘दुर्गंधी’ या अर्थाचा शब्द आहे, आणि युरोपांतील कित्येक भाषांत तर त्याला ‘सैतानाची विष्ठा’ असें नांव आहे. गंधकयुक्त द्रव्यांनीं भरलेला तो चीक कच्चा हुंगला, तर तें नांव अगदींच अन्यायाचें वाटत नाहीं. ताकांत किंवा चाटमध्यें घालतों त्या काळ्या मिठाला मराठींत पादेलोण म्हणतात. त्याची तारीफ त्या नांवांतच आली. ही डबी काकूंच्या फळीवर आहे. अनोळखी परदेशी पाहुणा त्यांच्या स्वयंपाकघरांत आला, तर तोहि नाकाला रुमाल लावील; आणि काकू मनांतल्या मनांत म्हणतील, ‘बिचाऱ्याला वरणाची चव ती काय ठाऊक!’

याच ठिकाणीं चौथें कारण येतें, आणि शेजाऱ्यांच्या भांडणांत तें सर्वांत महत्त्वाचें आहे असें मला वाटतें. वास नाकांत दोन वाटांनीं जातो. एक वाट पुढची, नाकपुड्यांतून. दुसरी मागची, तोंडांत घास असतांना घशाकडून वर जाणारी. आपण जिला चव म्हणतों, तिचा मोठा भाग म्हणजे या मागच्या वाटेनें गेलेला वासच असतो. सर्दी झाली कीं जेवण बेचव लागतें, तें त्यामुळें. पुढच्या वाटेनें आलेला फणसाचा उग्र दर्प घासाबरोबर मागच्या वाटेनें गेला, कीं तोच गोड होतो. आतां पाहा: वहिनींच्या घरीं सुकटीचा वास दोन्ही वाटांनीं जातो, सोबत मीठ, तिखट, भाकरी आणि भूक घेऊन. काकूंच्या घरीं तो एकाच वाटेनें येतो, आणि एकटा येतो. ताट खालच्या मजल्यावर राहतें आणि नुसता वास वर पोंचतो. कोणत्याहि पदार्थाच्या वाट्याला असा न्याय आला, तर त्याची बाजू लंगडीच पडावयाची.

इतकें वाचल्यावर माझें मत असें बनत चाललें होतें, कीं हा सारा जातीपातीच्या व प्रांतांच्या संस्कारांचा खेळ आहे. कोळ्या-आगऱ्यांचें नाक एक, देशावरच्या शाकाहाऱ्यांचें नाक दुसरें. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें मला थांबविलें. जगाच्या निरनिराळ्या भागांतील, एकमेकांपासून अगदीं भिन्न अशा समाजांत संशोधक हिंडले: अरण्यांत शिकारीवर राहणारे, किनाऱ्यावर मासेमारी करणारे, डोंगरांत शेती करणारे व महानगरांत वाढलेले. प्रत्येकाला दहा वास दिले आणि आवडीच्या क्रमानें लावावयास सांगितले. शास्त्रज्ञांनीं हिशेब केला, तेव्हां आवडीनिवडीच्या भेदापैकीं शेंकडा ४१ भाग द्रव्याच्या स्वरूपामुळें, शेंकडा ५४ भाग त्या त्या व्यक्तीमुळें, आणि समाज व संस्कृति यांमुळें सुमारें शेंकडा ६ इतकाच भाग निघाला. व्हॅनिलाचा वास एकंदरींत सर्वांत वर आला. आणि सर्वांत खालीं कोणता आला? तेंच आयसोव्हॅलेरिक आम्ल, जें ‘चीज’ हें नांव मिळतांच ऑक्सफर्डमध्यें बरें वाटूं लागलें होतें.

या दोन प्रयोगांचा एकत्र विचार केला, म्हणजे एक अर्थ निघतो. या दुसऱ्या प्रयोगांत वासांना नांवें नव्हतीं. नांव काढून घेतलें, तेव्हां समाजा-समाजांतील अंतर फारच थोडें उरलें. जें मोठें अंतर उरलें, तें माणसा-माणसांतील. आपल्या नाकांचा भेद घराघरांत जेवढा आहे, तेवढा जातीजातींत नाहीं. याची साक्ष मला दूर शोधावी लागली नाहीं. काकूंना शेपूची भाजी म्हणजे जीव कीं प्राण. त्यांच्या यजमानांना शेपू चिरलेली सुरीसुद्धां दुसऱ्या भाजीला चालत नाहीं. एकाच घराण्याचे संस्कार, एकच चूल, चाळीस वर्षांचा संसार, आणि तरीहि नाकें दोन. काका शेपूला ‘घाण’ म्हणतात, तेव्हां काकू ती थट्टा म्हणून सोडून देतात. कारण काका आपल्या माहेरच्या माणसांना नांवें ठेवीत नाहींत, हें त्यांना पक्कें ठाऊक आहे. तोच शब्द एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेला, कीं त्याची थट्टा राहत नाहीं. त्याला लगेच जात चिकटते, प्रांत चिकटतो, आणि स्वयंपाकघराच्या मागोमाग माणूसहि बहिष्कृत होतो. नव्या शहरांत घर देतां-घेतांना ‘मांसाहारी नकोत’ ही अट कित्येकांनीं ऐकली असेल. नाकाची शेंकडा सहा भागांची गोष्ट आपण शंभर भागांची करून बसतों, ती अशी.

यावरून कोणी असा समज करून घेऊं नये, कीं सारे वास सारखेच निर्दोष असतात आणि तक्रार करणें हा नुसता चोखंदळपणा आहे. निसर्गानें नाक दिलें तें पहारेकरी म्हणूनहि दिलें आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा फारसा वास नसतो. गळती कळावी, म्हणून त्यांत एथिल मर्कॅप्टन नांवाचें गंधकयुक्त, अत्यंत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. तेथें तो वास आवडतो कीं नाहीं, हा प्रश्नच नसतो. खिडक्या उघडणें व शेगडी बंद करणें एवढेंच कर्तव्य असतें. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील रासायनिक कारखान्यांच्या बाजूनें रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या वासांबद्दल वाशी-कोपरखैरण्याकडील रहिवाशांनीं वेळोवेळीं तक्रारी केल्या आहेत. त्यांना ‘संवय करून घ्या’ असें सांगणें बरोबर होणार नाहीं. कारण संवय म्हणजे सुरक्षितता नव्हे. कोणताहि वास कांहीं वेळ सतत येत राहिला, कीं नाक त्याची दखल घेईनासें होतें. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाहीं, तो याच कारणानें. हायड्रोजन सल्फाइड तर फार दाट झाला, म्हणजे वास घेण्याची शक्तीच बधिर करून टाकतो आणि नेमका त्याच वेळीं तो प्राणघातक असतो. तेव्हां ‘या वासानें कोणाला अपाय होतो काय?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘हा वास मला आवडतो काय?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ‘होय’ असेल, तर कायद्यानें बंदी करावी. ‘नाहीं’ असेल, तर तो शेजारधर्माचा विषय. तेथें कायद्याला बोलावूं नये.

जूनमध्यें पुन्हा बैठक भरली. मीं आपणांस सांगितलें, तेंच तेथें थोडक्यांत सांगितलें. शेपूची गोष्ट मात्र काकांची परवानगी काढून सांगितली. काकूंनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें व त्या म्हणाल्या, “सगळें पटलें, पण मळमळतें, तें मळमळतेंच, त्याला मी काय करूं?” बोलणें खरें होतें. ज्ञानानें मत बदलतें. पोट बदलावयास वेळ लागतो, आणि कधीं बदलतहि नाहीं. तसें तें बदललेंच पाहिजे, असेंहि नाहीं. ठराव मात्र त्यांनीं आपण होऊन मागें घेतला. वहिनींनीं स्वयंपाकघरांत धूर बाहेर टाकणारा पंखा बसविला, आणि सुकट भाजावयाची असली, म्हणजे त्या जिन्यांतून वर हांक मारतात, “काकू, तवा ठेवतंय, खिडकी लावा.” काकू खिडकी लावून घेतात, आणि तासाभरानें उघडतात.

काकूंनीं सुकट चाखून पाहिली, असें सांगून मला या भाषणाचा शेवट गोड करतां आला असता. परंतु तसें झालेलें नाहीं. झालें तें इतकेंच, कीं परवां खिडकी लावतांना त्या यजमानांना म्हणाल्या, “वहिनींच्या सुकटीचा वास यायला लागला हो.” घाण म्हणाल्या नाहींत, वास म्हणाल्या. एका इमारतींत राहावयाला तेवढें पुरतें.